एकवीसवाल्यांनी उद्या यावे

...आता ओरडून काय उपयोग, मला सांगा! ओरडलात म्हणून तारीख पुढे सरकणार आहे का? बसा. सरकून बसा. नऊ माणसं आहात आणि बाक आठांचा आहे, दिसतंय मला, पण तो बाक काही मी केलेला नाही. उद्या या म्हटलं की माणसं चिडतात. काल म्हटलं उद्या या, परवा म्हटलं उद्या या, दीड महिना तुम्ही येताय आणि दीड महिना मी उद्या या म्हणतोय, कबूल! पण का म्हणतोय हे कुणी विचारलंत? नाही! "कामचुकार आहे मेला," "ह्याला घरी बसवा"... अहो, घरी बसायचंच तर आहे मला! दीड महिन्यापूर्वी निवृत्ती होती माझी! तेहेतीस वर्षं ह्या जन्म-मृत्यू नोंदणीत टंकलेखक म्हणून बोटं झिजवली, एक डाग नाही नावावर, लेकीकडे जाऊन नातीला मांडीवर घ्यायचं ठरलं होतं, ही घरी बॅगा भरून बसलीय, रोज एक बॅग उघडते, त्यातली एक साडी काढते, नेसते, धुते, परत भरते... आणि मी इथे. का? तुमच्यामुळे! म्हणजे तुमच्यामुळे नाही. त्या आतल्यामुळे.

चपला बाहेर काढल्यात ना? काढा. त्याला धूळ चालत नाही. माणसं चालतात, धूळ नाही.

तुम्हाला सांगतो, ते कॉम्प्युटरचं मशीन आलं त्या दिवशीच मी म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. सहा खोकी आली. ह्या ऑफिसात सगळ्यात कोरडी, सगळ्यात चांगली खोली कुठली? माझी! मला काढलं, त्याला बसवलं. खिडक्यांना काळे पडदे, भिंतीत थंड हवेचं यंत्र, अंगावर शिवलेलं आवरण. तेहेतीस वर्षांत मला कुणी एक टेबलफॅन दिला नाही हो! आणि साहेब दारात हात जोडून उभे. म्हणजे खरंच जोडून नाही, पण कोपर जवळ जवळ होते. म्हणाले, "आजपासून हातानं लिहिलेला एकही कागद ह्या कार्यालयातून बाहेर जाणार नाही. टाइपरायटर गोदामात. तारीखसुद्धा माणसानं घालायची नाही, मशीन स्वतः घालेल. माणूस लबाडी करतो. मशीन खोटं बोलत नाही!"

मशीन खोटं बोलत नाही. लक्षात ठेवा हं हे वाक्य, पुढे लागणार आहे.

शिकायला कोण जाणार? सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकाची पाठ, एकीचे डोळे, एकाला थंडी बाधते. आणि साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला टायपिंग येतं, तुम्ही जा." सत्तावन्न पूर्ण झालेल्या माणसाला शाळेत! तीन दिवस शिकलो. वही केली. लाल शाईनं काय दाबायचं, निळ्या शाईनं काय अजिबात दाबायचं नाही. निळी पानं जास्त होती.

आणि काम तसं सोपं होतं बरं का. आज कुणी जन्मलं, आज कुणी गेलं, की नाव घालायचं, बटण दाबायचं, मशीन आपल्या पोटातल्या घड्याळातून आजची तारीख काढतं आणि छापतं. कालची नोंद करायची असेल तर घड्याळ कालवर न्यायचं, नोंद करायची, परत आजवर आणायचं. दिवस आणि महिना आपण टाकायचा. साल नाही, साल ते स्वतः घालतं, सालाच्या बाबतीत माणसावर अजिबात विश्वास नाही. सहा महिने सुरळीत चाललं. मग मी काय केलं? हात दाखवून अवलक्षण केलं!

माझा मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटर जोडायचं दुकान आहे त्याचं, म्हणजे दुकान कसलं, एक खोली, तिच्यात उघड्या पोटाची मशीनं पडलेली आणि मधे हा स्टुलावर. एका रविवारी जेवायला आला, मुखशुद्धी चघळत खिशातून एक फ्लॉपी काढली. काळी, चौकोनी, पातळ, वर पेन्सिलीनं एक फुली मारलेली. "भाऊजी, जेवणाच्या सुट्टीत एकटेच बसता ना त्या थंड खोलीत? घ्या. वेळ जाईल." मी म्हटलं, काय आहे? तर म्हणतो, "तळघर."

अहो, वस्तूचं नाव तळघर आहे, देणारा मेहुणा आहे, वर फुली मारलीय... शहाण्या माणसाला आणखी काय सांगायचं असतं? पण मी घेतली.

दुसऱ्या दिवशी सगळे डबे खायला बाहेर. मी आत, दार लावलेलं, पडदे काळे, मशीन आपलं घुंऽऽ करतंय. फ्लॉपी घातली. पडदा आधी काळा झाला. मग एक जिना. खाली उतरणारा. आणि त्या जिन्यावर हातात दिवा घेतलेला एवढासा, बोटाच्या पेराएवढा माणूस. तो मी! बाण दाबला की तो एक पायरी उतरतो. टुक. आणखी दाबला. टुक. आणि तो थांबला की... तुम्हाला सांगतो, मी स्वतः ऐकलंय... तो थांबला की मागून दुसऱ्या कुणाच्या तरी पायऱ्या वाजतात. टप. टप. मग तेही थांबतं.

पहिल्या दिवशी डबा तसाच परत नेला. ही म्हणाली, "अहो, भाजी आवडली नाही का?" काय सांगू? की मी जिन्यावर होतो?

मग रोज. विहीर लागली, तीन दिवस तिच्यात पडत होतो. बोळ लागले, उंदीर लागले, किल्ल्या शोधल्या. माझ्या वहीत एक हिरव्या शाईचं पान झालं, त्यावर सगळे बोळ काढले. वजन घटलं. कुणी मागून "अहो" म्हटलं की मी दचकायला लागलो. रस्त्यानं चालताना मधेच थांबून मागे ऐकायचो. साहेबांनी एकदा विचारलं, "तब्येत बरी आहे ना? डोळे फार आत गेलेत." आत? आत तर मी सतरा सुट्ट्या होतो!

आणि मग ती अठरा तारीख. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. शेवटच्या बोळाच्या टोकाला लोखंडी दार. किल्ली लागली. दार उघडलं, आणि पडदा काळाकुट्ट. घुंऽऽ सुद्धा बंद झालं असं वाटलं. आणि लाल अक्षरं. एकेक. सावकाश. इंग्रजीत होती, पण धमकी कुठल्याही भाषेत कळते हो! "मी झोपलो आहे. एकवीस तारखेला मी उठेन. तुझ्याकडे जे जे आहे ते सगळं मी खाईन. शब्द सांग."

आणि खाली एक चौकोनी ठिपका. उघडमीट करतोय. वाट बघतोय.

शब्द सांग? कुठला शब्द? मी घाबरून टाइप केलं, सॉरी. तर म्हणे चूक. मी माझं नाव टाकलं. चूक. मी 'प्लीज' टाकलं, स्पेलिंग बरोबर होतं, ते तरी शाबूत होतं. चूक! आणि एक आवाज आला, घशातून काढल्यासारखा, आणि पडदा विझला. मी तिथे थंड खोलीत घामाघूम.

आता तुम्ही म्हणाल, खेळ आहे तो, त्यात काय? तुम्ही आज म्हणाल! त्याच आठवड्यात पेपरात काय आलं होतं आठवतंय? कॉम्प्युटरचे रोग! व्हायरस! फ्लॉपीतून येतो, आत झोपून राहतो, ठरलेल्या तारखेला उठतो आणि सगळी माहिती खाऊन टाकतो. शब्दाला शब्द जुळला! आणि त्या मशीनमध्ये काय होतं? ह्या गावातले सगळे जन्मलेले आणि सगळे मेलेले. आणि बाहेरची फ्लॉपी घालणारा कोण? निवृत्तीला बारा दिवस राहिलेला, एक डाग नसलेला मी!

रात्रभर कूस बदलली. सांगावं तर चौकशी, पेन्शन लटकलं, तेहेतीस वर्षांवर पाणी. न सांगावं तर एकवीसला गाव साफ. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. शेवटी सकाळी साहेबांसमोर उभा राहिलो आणि अर्धंच बोललो. म्हटलं, "साहेब, मशीनमध्ये व्हायरस दिसतोय. एकवीसला उठणार आहे."

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. "संसर्गजन्य आहे का?" म्हटलं, असावा. "तुम्ही हात धुतलेत?" म्हटलं, नाही. "मग इकडे हात का टेकवलेत?" त्यांनी टेबल पुसून घेतलं, माझी सही असलेली फाईल चिमट्यात धरून बाजूला ठेवली, आणि मशीनवाल्या कंपनीला फोन लावला. मशीनवाला म्हणाला, दोन महिने तरी येता येणार नाही. मग काय करू, तर पलीकडून आवाज, मला इथपर्यंत ऐकू आला, "एकवीस येऊच देऊ नका. घड्याळ मागे करत राहा. आणि हो, आत एक बटणासारखा सेल आहे, त्याच्यावर ते घड्याळ चालतं, तो जुना झालाय, बदलून घ्या." साहेबांनी फोन ठेवला, म्हणाले, "सेलसाठी अर्ज करा, तीन प्रती. आणि तारखेचं तुम्ही बघा. तुम्हाला समजतं त्यातलं."

एकवीस येऊच देऊ नका. किती सोपं वाटतं ना! ते घड्याळ रात्री मशीन बंद असतानाही चालू असतं. म्हणजे संध्याकाळी वीस ठेवून गेलो, तर सकाळी एकवीस! म्हणून मी रोज साडेपाचला, सगळे गेले की, शेवटचा, एकटा, त्याच्यासमोर बसून एकोणीस लावायचो, म्हणजे रात्री ते पुढे सरकून सकाळी वीसवर येईल. शनिवारी अठरा लावायचो. साहेब विचारतात, "सलग सुट्ट्या आल्या तर?" म्हटलं, आणखी मागे जाऊ. "आणि तुम्ही आजारी पडलात तर?" मी म्हटलं, नाही पडणार. रजा नाही, ताप नाही, पाव्हणे नाहीत! बाहेर जगात तेवीस, चोवीस, पंचवीस उजाडतेय, आणि आमच्याकडे वीस. काल वीस. आज वीस. उद्या वीस!

पण माणसं थांबतात का हो? माणसं जन्मतच होती. माणसं जातच होती. मशीनच्या लेखी सगळी वीसला. चोवीसला गेलेल्याचा मुलगा खिडकीशी येऊन म्हणायचा, "अहो, वीसला बाबा माझ्याशी भांडलेत!" मी काय म्हणणार? मी म्हणायचो, मशीन खोटं बोलत नाही. ही बाई बसलीय ना, जुळ्यांची आई, हिचा थोरला वीसला रात्री बारा वाजायला पाच मिनिटं असताना आणि धाकटा बारा वाजून दहा मिनिटांनी. थोरल्याचा दाखला बिनचूक. हसू नका, वीसवर थांबलेल्या मशीनमधून बिनचूक निघालेला तेवढा एकच! आणि धाकटा? त्याची एकवीस अजून उजाडायचीच आहे.

पण मी, तुम्हाला सांगतो, एक गोष्ट लपून करत होतो. माझ्या वहीत, मागच्या पानांवर, पेन्सिलीनं प्रत्येकाची खरी तारीख लिहून ठेवत होतो. टंकलेखकाची सवय, कार्बन कॉपीशिवाय झोप येत नाही. का लिहितोय ते मलाही कळत नव्हतं. रात्री वाटायचं, कुणाला तरी हे सगळं परत करावं लागणार आहे.

आणि एकोणतीसला, बाहेरच्या एकोणतीसला, वरच्या कार्यालयातून फोन. साहेब उभे राहून बोलतायत. "काय म्हणता, एका दिवसात? एकेचाळीस मृत्यू?" मग खुर्चीत बसले. "त्रेसष्ट जन्म?" वरचा माणूस ओरडत होता, "वीस तारखेला तिकडे झालं काय? गाव आहे का स्मशान? पथक निघालंय!" आणि खरंच आलं हो पथक! पांढरे कपडे, तोंडाला फडकी. नळाचं पाणी बाटल्यांत भरलं. विहिरीवर पाटी लावली, पाणी वापरू नये. पेठेतल्या घरांवर खडूनं खुणा करायला लागले. सबंध पेठ दोरी बांधून बंद करणार म्हणाले. एका म्हातारीनं दार उघडलं तर तिला म्हणतात, "आजी, लांब व्हा, तुमच्या घरात वीसला मृत्यू झालाय." ती म्हणाली, "कुणाचा?" खूण शेजारच्या घराची होती. पण त्या म्हातारीचा चेहरा... तो मी बघितला. घरात कोण कोण आहे ते ती बोटांवर मोजत होती.

तिथे माझा धीर सुटला. साहेबांच्या खोलीत गेलो, दार लावलं, म्हटलं, साहेब, रोग पाण्यात नाही. मी बाहेरची फ्लॉपी घातली. खेळ घातला. तळघर. काय शिक्षा करायची ती करा.

मला वाटलं, आता गेलं पेन्शन. साहेब उठले, दार लागलंय की नाही ते बघितलं, माझ्या कानाशी आले, आणि म्हणाले, "विहिरीच्या पुढे कसं जायचं?"

हो! फ्लॉपी माझ्या खणात असायची ना! मी साडेपाचला घरी जायचो तेव्हा साहेब त्या जिन्यावर उतरायचे. मी एकोणीस लावायला एकटा बसायला लागलो तेव्हापासून त्यांची पंचाईत झाली होती. दहा दिवस माझ्यावर चिडून होते ते, आणि मी समजत होतो व्हायरसमुळे! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, इथे दोन चोर आणि चांदणं एकच.

आपलेच दात, आपलेच ओठ. साहेबांनी वर कळवलं, तांत्रिक बिघाड. पथक गेलं, दोरी सुटली. तारीख? साहेबांच्या देखत मी वीसवरून थेट तीस लावली. एकवीसच्या डोक्यावरून उडी मारली! काही झालं नाही. साहेबांनी घाम पुसला आणि म्हणाले, "आता तुमच्या वहीप्रमाणे एकेक तारीख मागे लावून सगळ्या नोंदी दुरुस्त करा. शेवटची झाली की तुमचा निवृत्तीचा आदेश मशीनवरून छापू. तुमच्या नावावर डाग लागणार नाही, मी बघतो. पण शेवटची झाल्याशिवाय नाही."

दोन आठवड्यांत केल्या हो! बावीस लावली, बावीसवाले मोकळे. तेवीस, चोवीस, पंचवीस... एकोणतीस. सगळे हसत घरी गेले. राहिले कोण? नऊ जण. चार गेलेल्यांचे, पाच जन्मलेल्यांचे. एकवीसवाले. तुम्ही.

घाबरट म्हणा मला. म्हणा! मेहुण्याकडेही जाऊन आलो. तो बाहेरगावी होता इतके दिवस, नाहीतर पहिल्याच दिवशी त्याची मान धरली असती. पोट धरून हसला. "अहो भाऊजी, खेळच आहे तो! विकतच्या खेळाबरोबर एक पुस्तक येतं, त्यातला शब्द विचारतो. विकत घेतलाय की चोरलाय ते बघायला. आपला चोरलेला, पुस्तक नाही, म्हणून शब्द नाही! आणि एकवीसला उठणारा तो गोष्टीतला राक्षस. झालं समाधान?" झालं! किती हलकं वाटलं म्हणून सांगू! उठलो, चपला घातल्या, आणि सहज विचारलं, मग तू तुझ्या मशीनवर एकवीसला खेळून बघितलं असशील? तर हसू गेलं त्याचं. स्टुलावर चुळबुळ करत म्हणतो, "नाही... म्हणजे... एकवीसला मी मशीन लावतच नाही. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

आता बोला! जो मशीनं उघडतो तो लावत नाही! मागच्या महिन्याची एकवीस आली तेव्हा आमच्या साहेबांनी काय केलं? 'देखभाल दिन' जाहीर केला. सबंध ऑफिसला सुट्टी, मशीनचा दोरा काढून ठेवला, वायर म्हणतात ती, आणि खोलीला कुलूप. मला म्हणतात, "लावा हो एकवीस, लावायचीच आहे. माझी बदली झाली की लावा." म्हणजे खेळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि लावायचं कुणालाच नाही. म्हणून मी उद्या या म्हणतो. रोज वाटतं उद्या हिंमत होईल. रोज साडेपाच वाजतात.

आणि तुम्ही आठ जण ओरडता ना, त्याचं मला काही वाटत नाही. ओरडण्यावर तेहेतीस वर्षं काढलीत मी. पण हे टोकाला बसलेत ना, आजोबा... हे ओरडत नाहीत. हेच वाईट आहे.

सांगू का आजोबा? सांगतो. गेल्या आठवड्यात हे एकटेच माझ्या टेबलाशी आले. हातात तो वीसचा दाखला, चार घड्या घातलेला. म्हणाले, "वीसला तिची सगळ्यांनी आशा सोडली होती. पण रात्र काढली तिनं. एकवीसला सकाळी उशीला टेकून बसली. मी चहा केला. चाळीस वर्षांत मी केलेला पहिला. एक घोट घेतला आणि म्हणाली, साखर कमी पडलीय. दुपारी गेली. तुमच्या कागदावर वीस लिहिलंय. मग तो चहा कुणी प्यायला?"

तो चहा कुणी प्यायला!

मी म्हणालो... मी ह्यांना काय म्हणालो माहितीये? मी म्हणालो, उद्या या. आणि हे बरं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी आले. मला लाज वाटते हो. मनापासून लाज वाटते. घरी हिला सांगितलं तर हिनं बॅगेतली साडी हातात तशीच धरली, म्हणाली, "अहो, एका बाईचा एक दिवस अडवून बसलाय तुम्ही. आधी तो सोडा, मग आपण जाऊ."

बरं. वाजले किती? चार. साडेपाच नाही वाजले, साडेपाच असते तर... नाही. उठा आजोबा. या आत माझ्याबरोबर. बाकीचे दारातून बघा, उंबऱ्याच्या आत येऊ नका. काही झालं तर... काही होणार नाही. खेळ आहे तो. ऐकताय ना, घुंऽऽ? हे असंच करतं. थंडी वाजतेय का आजोबा? मलाही वाजतेय. हे बघा, तारीख विचारतंय. दोन... दाबला. आता एक. अहो हात कुणी धरलाय माझा? कुणी नाही? बरं. एक. आता महिना. झालं. आता ते मोठं बटण, ते दाबलं की... कुणीतरी मागे चाललं का? टप असं वाजलं? तुमची काठी होती? काठी उचलून धरा जरा.

दाबतो. साखर कमी पडलीय म्हणाली ना? दाबतो.

...

पडदा गेला. काळा. कुणी हलू नका. कुणी... आला! आला परत! बघा, एकवीस! लाल अक्षरं नाहीत, राक्षस नाही, कुणी काही खाल्लं नाही! अहो खेळ होता, मी सांगत नव्हतो का, खेळ होता! नाव घालतो, हे बटण, हा छापायला लागला, ऐका कसा खर्र खर्र चाललाय! दीड महिना उगाच घाबरलो! जुळ्यांची आई, तुमचा पुढचा नंबर, आज तुमचा धाकटा जन्मलाच म्हणून समजा! आणि नऊ झाले की दहावा कागद माझा! घ्या आजोबा. वाचा. मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू द्या. एकवीस आहे ना?

हो, एकवीस. वाचा पुढे.

महिना बरोबर. पुढे. साल काय? ...ऐंशी?

ऐंशी कसं? चौऱ्याण्णव चाललंय! दाखवा इकडे. एकोणीसशे... ऐंशी. अरे देवा. सेल. तो बटणासारखा सेल! तीन प्रतींतला अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर आहे... आत्ता पडदा गेला ना, तेव्हा तो संपला, दिवस-महिना मी टाकलेला म्हणून राहिला, आणि साल मशीन आपल्या मनानं पार मागे ऐंशीला घेऊन गेलं. आणि साल तर... साल माणसाला घालताच येत नाही.

काय म्हणालात आजोबा? नाही, मोठ्यानं नका सांगू त्यांना. बरं, सांगा. "एक दिवस मागायला आलो होतो, ह्यानं चौदा वर्षं नेली." हो. नेली. थांबा, असे निघू नका. ही वही बघा. हे पान. पेन्सिलीनं लिहिलंय, माझ्या हातानं. एकवीस, दुपारी. साल चौऱ्याण्णव. चालत नाही हे कुठे, हाताचं चालत नाही, पण आहे. लिहिलेलं आहे. शाईनं 'चहा' पण लिहू का बाजूला? लिहितो. साखर कमी.

आणि हो... ऐंशी म्हणजे... थांबा हं. माझा निवृत्तीचा आदेश ह्याच्यावरूनच छापायचाय ना? ह्याच्या लेखी आता मी चव्वेचाळीस वर्षांचा. निवृत्ती अठ्ठावन्नला. पंचेचाळीस, शेहेचाळीस... अठ्ठेचाळीस... चौदा. अजून चौदा वर्षं! तुझ्याकडे आहे ते सगळं खाईन म्हणाला होता, आणि काय हो, मशीन खोटं बोलत नाही.

हळू, आजोबा, उंबरा आहे. चपला बाहेर आहेत. जा सगळे, उद्या या. सावकाश या, घाई नाही. मी आहे इथेच.